विरळ हवेतली उडी आणि शरीराची पहिली खूण

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर वेफर्सचं एक पाकीट घ्या आणि महाबळेश्वरच्या गाडीत बसा. खंबाटकी ओलांडून वाई मागे पडते, गाडी पसरणीच्या घाटाला लागते आणि पिशवीतलं पाकीट हळूहळू फुगायला लागतं. पाचगणी येईपर्यंत ते असं टम्म होतं की मुलं हमखास बोटानं दाबून बघतात. परतताना घाट उतरू लागलं की कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते मोकळे होतात. स्वारगेट समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे, महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर. एवढ्या चढाला हवेचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो. पाकिटाला ते कळतं, कानांनाही कळतं.

हाच चढ २०,००० फुटांच्या वर नेला की पोट फुगतं, बोटं बधिर होतात, कान-नाक कुरकुर करतात. सगळ्यात मोठी झळ मात्र मेंदूला बसते आणि नेमका तोच तक्रार करत नाही. उंचावरून स्कायडायव्हिंग करणाऱ्यांना उडीआधी शरीरशास्त्राचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते मुख्यतः याच कारणासाठी.

एका पुणेकर स्कायडायव्हरच्या तीन उड्या

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांच्या तीन उड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर हा विषय उलगडायला सोपा जातो.

पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, २,४०० फुटांवरून. आधी सरावाची एकही उडी न मारता त्यांनी ती घेतली. दुसरी डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर, ११,६०० फुटांवरून. तिसरी १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एव्हरेस्टच्या समोर, हेलिकॉप्टरमधून २१,५०० फुटांवरून. त्या उतरल्या काला पत्थरच्या परिसरात, १७,४४४ फुटांवर.

ध्रुवावर २,४०० फूट ही उंची पर्वतीच्या माथ्यापेक्षा जेमतेम तीनशे फुटांनी जास्त. तिथे ऑक्सिजनचा प्रश्नच नव्हता. गाठ होती ती उणे तीस अंशांखालच्या थंडीशी आणि मनातल्या भीतीशी. अंटार्क्टिकाच्या उंचीवर हवा विरळ असते, पण निरोगी माणूस तेवढा थोडा वेळ सहज निभावून नेतो. जगभरातल्या हौशी उड्या बहुतेक १०,००० ते १३,००० फुटांवरूनच होतात. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार १५,००० फुटांच्या वर जादा ऑक्सिजन सक्तीचा आहे. एव्हरेस्टची उडी त्या रेषेच्या बरीच वरची.

तिच्यात आणखी एक कठीण गोष्ट दडलेली आहे. एरवी स्कायडायव्हर खाली येतो तो दाट हवेत. मिनिटाभरात श्वासाला भरपूर ऑक्सिजन मिळू लागतो, म्हणजे उडी स्वतःच उपचार ठरते. काला पत्थरला ही सोय नाही. पाय जमिनीला लागतात तेव्हाही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो.

हवा तीच, दाब कमी

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ते सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतं. उतरतो तो दाब, आणि ऑक्सिजनला फुप्फुसातून रक्तात ढकलण्याचं काम दाबाचं आहे.

समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. स्वारगेटला तो सुमारे ७११ भरतो, १८,००० फुटांवर निम्मा म्हणजे ३८०, आणि २१,५०० फुटांवर ३२८च्या आसपास. श्वास तेवढाच खोल घेतला तरी त्यातून रक्ताला मिळणारा ऑक्सिजन निम्म्याहून कमी होतो.

रक्ताची घसरण मात्र दाबाबरोबर सरळ रेषेत होत नाही. १०,००० फुटांपर्यंत हिमोग्लोबिन बऱ्यापैकी तग धरतं आणि ऑक्सिमीटरचा आकडा नव्वदीच्या आसपास राहतो. त्यापुढे तो भराभर कोसळतो. २५,००० फुटांवर मास्क काढला तर काही मिनिटांत साठीपर्यंत येतो. करोनाच्या साथीत घराघरांत ऑक्सिमीटर आले, तेव्हा ९४च्या खाली आकडा गेला की घरातल्यांची झोप उडायची. त्यावरून साठ म्हणजे काय याचा अंदाज येईल.

जीव गुदमरत का नाही?

त्याच साथीत ‘हॅपी हायपोक्सिया’ हा शब्दही आपल्या कानावर पडला. ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली, आणि रुग्ण मात्र मोबाइलवर गप्पा मारतोय. उंचीवर बरंचसं असंच घडतं, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे.

तलावात बुडी मारून श्वास रोखला की थोड्या वेळानं जीव तडफडतो. ही तडफड मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. मेंदूतली श्वासाची घंटा प्रामुख्यानं या साचलेल्या वायूवर वाजते. विरळ हवेत श्वास चालूच असतो, किंबहुना वाढलेला असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडतो. घंटा वाजत नाही. ऑक्सिजन मात्र मुकाट उतरत राहतो.

त्यात पहिला फटका बसतो तो तारतम्याला. माणूस विनाकारण खुशीत येतो, आपलं सगळं नीट चाललंय अशी त्याची खात्री पटते. धोका ओळखायचा तो मेंदूनं, आणि मेंदूच आधी मंदावतो.

पॅरिसजवळून १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाचा बलून तिघा संशोधकांना घेऊन वर गेला. ऑक्सिजनच्या पिशव्या त्यांच्याजवळ होत्या. ८,००० मीटरच्या आसपास गास्तों तिसांदिए यांना नळी तोंडाशी घ्यावीशी वाटली, पण हात उचलेना. त्या वेळी आपल्याला कसलाही त्रास होत नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता, असं त्यांनी नंतर नोंदवून ठेवलं. ते एकटेच जिवंत परतले, तेही श्रवणशक्ती गमावून. ऑक्सिजन जवळ असूनही दोन माणसं गेली, ती वेळीच न कळल्यामुळे.

शुद्ध असते, उपयोग नसतो

वैमानिकी वैद्यकात एक मोजमाप वापरतात: ऑक्सिजन तुटल्यापासून माणूस स्वतःला वाचवण्यासाठी योग्य ती कृती करू शकेल असा काळ. त्याला ‘उपयोगी शुद्धीचा काळ’ म्हणता येईल. हा काळ संपल्यावरही डोळे उघडे असतात, माणूस बोलतोही, पण समोरचा मास्क उचलून तोंडाला लावणं त्याला सुचत नाही. सर्वसाधारण आकडे असे:

- १८,००० फूट: २० ते ३० मिनिटं
- २२,००० फूट: ५ ते १० मिनिटं
- २५,००० फूट: ३ ते ५ मिनिटं
- ३०,००० फूट: १ ते २ मिनिटं
- ३५,००० फूट: अर्धा ते १ मिनिट
- ४०,००० फूट: १५ ते २० सेकंद

हे आकडे स्वस्थ बसलेल्या माणसाचे. विमानाच्या दारात जड साहित्य पाठीवर घेऊन उभ्या असलेल्याच्या हाती यापेक्षा कमी वेळ असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओनं बनवलेल्या लष्करी पॅराशूटची चाचणी ३२,००० फुटांवरून उडी घेऊन झाली. त्या उंचीवर नळी सुटली तर विचार करायला मिनिटभरच उरतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या दमदारपणे चढणाऱ्याला वाटतं, आपला दम चांगला, आपल्याला जास्त वेळ मिळेल. व्यायामानं हृदय आणि स्नायू सुधारतात, थकवा उशिरा येतो, आणि उडीसाठी तेही हवंच. पण उपयोगी शुद्धीचा काळ त्यानं फारसा लांबत नाही. मेंदूला ऑक्सिजन लागतो तो लागतोच, मग तो पैलवानाचा असो की कारकुनाचा.

चेंबरमधला एक तास

मग शिकवायचं काय? शिकवायची ती स्वतःची पहिली खूण.

यासाठी अल्टिट्यूड चेंबर वापरतात. जाड लोखंडी भिंतींची खोली, समोरासमोर बाकं, प्रत्येकासमोर ऑक्सिजनचा मास्क, छोट्या गोल काचांमागे डॉक्टर. पंपानं आतली हवा काढत गेलं की खोली जागची न हलता ‘वर’ जाते. भारतात या शास्त्राचं मुख्य केंद्र म्हणजे बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. ही हवाई दलाची संस्था १९५७ पासून काम करते आहे. गगनयानाच्या उमेदवारांच्या वैद्यकीय चाचण्याही तिथेच झाल्या.

आधी खोली ५,००० फुटांपर्यंत नेऊन खाली आणतात. ज्यांचे कान किंवा सायनस मोकळे होत नाहीत ते इथेच बाहेर पडतात. मग सगळे मास्क लावून अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतात आणि खोली २५,००० फुटांवर जाते. दोघादोघांची जोडी असते. एकानं मास्क काढायचा, दुसऱ्यानं लावून ठेवायचा आणि जोडीदाराकडे बघत राहायचं.

मास्क काढलेल्याच्या हातात कागद आणि पेन्सिल असते. शंभरातून सात वजा करत जा, असं सांगितलेलं असतं. तो लिहितो: ९३, ८६, ७९, ७२. अक्षर नेहमीचं. पुढे ६५, मग ५७. अक्षर मोठं होतं, ओळ तिरपी जाते. पुन्हा ५७. नखं निळसर झालेली असतात. मास्क लाव, असं जोडीदार सांगतो, तर तो हसून मान डोलावतो आणि लिहितच राहतो. शेवटी जोडीदारच मास्क चढवतो. काही श्वासांत चेहऱ्यावर रंग परततो, आणि मग तो स्वतःचा कागद हातात घेऊन बघतो. आपण व्यवस्थित लिहिलं, अशी त्याची पक्की समजूत असते. कागदावर शेवटी नुसत्या रेघोट्या असतात.

या कागदाइतकं पटवून देणारं व्याख्यान दुसरं नाही. पण कागदाहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याआधीच्या मिनिटातली आठवण. कुणाच्या गालांना ऊब जाणवते, कुणाच्या ओठांभोवती मुंग्या येतात, कुणाला रंग फिके दिसतात, कुणाची नजर बोगद्यातून पाहावं तशी आखडते, कुणाला उगाच हसू येतं. ही खूण माणसागणिक वेगळी असते, पण त्याच माणसात ती बहुतेक वेळा त्याच क्रमानं परतते. म्हणून ती एकदा सुरक्षित जागी अनुभवून ठेवायची. पुन्हा कधी गालाला तशीच ऊब लागली तर कारण शोधत बसायचं नाही. आधी ऑक्सिजन, मग श्वास संथ करणं, मग बाकी सगळं.

गोटी सोडा आणि नायट्रोजन

उंचीचा दुसरा धोका समजायला गोटी सोड्याची बाटली पुरते. गोटी आत दाबेपर्यंत पाणी नितळ दिसतं. ‘फट्ट’ आवाज झाला, दाब सुटला, की त्याच पाण्यातून बुडबुडे उसळतात. वायू आधीपासून आतच विरघळलेला होता, दाबानं धरून ठेवलेला.

आपल्या रक्तात आणि चरबीत नायट्रोजन असाच विरघळलेला असतो. बाहेरचा दाब झपाट्यानं उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. सांध्यांत ठणका, त्वचेला खाज, आणि बुडबुडे मज्जासंस्थेत गेले तर लकवा किंवा त्याहून वाईट. १८,००० फुटांच्या खाली हा विकार क्वचित होतो, वर गेलं की शक्यता वाढते.

उपाय म्हणजे उड्डाणाआधीच नायट्रोजन धुऊन काढणं. जमिनीवरच अर्धा ते एक तास शुद्ध ऑक्सिजन घेत बसायचं. मध्ये मास्क बाजूला करून कुणाशी बोललं, की साध्या हवेतला नायट्रोजन पुन्हा आत जातो आणि वेळ नव्यानं मोजावी लागते. विमानातल्या मोठ्या टाकीची नळी काढून अंगावरच्या बाटलीची नळी जोडायचा क्षणही तितकाच नाजूक. ही अदलाबदल श्वास रोखून, ठरलेल्या क्रमानं, जमिनीवर कितीतरी वेळा घोटलेली असावी लागते.

लहानसहान नियमांनाही ठोस कारणं आहेत. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. ओठांना व्हॅसलीन किंवा केसांना खोबरेल चोपडून मास्क लावू नये, कारण शुद्ध ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ चटकन पेट घेतात. तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्यानं किमान २४ तास उंचीवर जाऊ नये, कारण पाण्याखाली त्याच्या अंगात जादा नायट्रोजन मुरलेला असतो.

पोट, कान, दात

१८,००० फुटांवर दाब निम्मा, म्हणून शरीरात कोंडलेला वायू दुप्पट जागा मागतो. आदल्या रात्री पावट्याची उसळ, छोले आणि वर थंड पेय घेतलं असेल तर पोटात कळा येतात. दोन दिवस हलकं जेवण हे इथे औषधच. दाढेत चांदी भरताना खाली हवेची पोकळी राहिली असेल तर तीही ठणकते. दातांची तपासणी आधी करून घ्यावी.

कानाचा प्रश्न उतरताना येतो. एसटी तासाभरात जेवढं उतरते तेवढं स्कायडायव्हर काही सेकंदांत खाली येतो, ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानं. सर्दी झालेली असेल तर कानाची नळी सुजून बंद असते आणि पडदा फाटू शकतो. सर्दीत उडी नाही, हा नियम त्यामुळे आला.

थंडी आणि बोटं

दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरतं. २१,५०० फुटांवर सरासरी उणे २७ अंश, वर पडण्याच्या वेगाचा वारा. पॅराशूटचं हँडल ओढायचं ते बोटांनी, आणि बोटंच आधी बधिर होतात. जाड हातमोजे घातले तर हँडल नीट हाताला लागत नाही. म्हणून जे हातमोजे घालून उडी मारायची तेच घालून, डोळे मिटून, हँडल शोधण्याचा सराव करतात. सोबत एक स्वयंचलित यंत्रही असतं. माणूस बेशुद्ध होऊन वेगानं खाली येत राहिला, तर जमिनीच्या ठरावीक उंचीवर ते राखीव पॅराशूट स्वतः उघडतं.

त्याहून वर गेलं की साहित्यातली छोटी चूकही भोवते. अमेरिकेचे जो किटिंजर १६ ऑगस्ट १९६० रोजी १,०२,८०० फुटांवरून उडी घ्यायला निघाले, तेव्हा उजव्या हातमोज्यातला दाब गेला. हात सुजून निकामी झाला. उडी त्यांनी पूर्ण केली आणि काही तासांत हात पूर्ववत झाला. मोज्याऐवजी शिरस्त्राण फुटलं असतं तर ते वाचले नसते.

डोंगरात मुरणं

चेंबर ओळख करून देतो, शरीर बदलत नाही. काला पत्थरसारख्या ठिकाणी उतरायचं असेल तर शरीर बदलावंही लागतं, आणि त्याला दिवस द्यावे लागतात.

पुण्याच्या गिर्यारोहकांना हे नव्यानं सांगायला नको. २०१२ मध्ये ‘गिरिप्रेमी’चे आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, ते आठवडेच्या आठवडे वर-खाली करत शरीर मुरवल्यावर. पहिल्या काही दिवसांत श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल सावरतात. तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे लागतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक स्कायडायव्हरलाही लागू होतो.

विरळ हवा पॅराशूटलाही कमी आधार देते. १७,४४४ फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के असते, त्यामुळे तेच पॅराशूट सुमारे ३० टक्के जास्त वेगानं जमिनीकडे येतं. धापा टाकत असलेल्या माणसाला जास्त वेगात, दगडगोट्यांत पाय टेकायचे असतात. म्हणून अशा ठिकाणी मोठं पॅराशूट आणि ताजं डोकं, दोन्ही लागतात.

कुणी थांबावं

रक्तक्षय असलेल्यांनी आधी उपचार घ्यावेत; ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर प्रत्येक उंची जास्त भासते. सिकलसेलची तपासणी महाराष्ट्रात फार महत्त्वाची आहे. नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत हा जनुकीय दोष अनेक कुटुंबांत चालत आलेला आहे. एरवी ठणठणीत असलेल्या वाहकालाही कमी ऑक्सिजनमध्ये प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडनं आधीच अडवलेला असतो. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांत उडीचा विचार नकोच.

पैसे भरण्याआधी

साध्या उंचीवरची एक उडी मारून आलेली मुलं हल्ली पुण्यात बरीच भेटतात. त्यातल्या काहींना पुढे एव्हरेस्टची स्वप्नं पडतात आणि पडावीतही. त्यांनी आयोजकाला चार प्रश्न विचारावेत. चेंबरचं किंवा कमी ऑक्सिजनच्या मास्कचं प्रशिक्षण कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली होणार? ऑक्सिजन उडीआधी किती वेळ मिळणार? मुरण्यासाठी किती दिवस ठेवलेत? आणि विमानात माझ्याकडे बघत राहणारा माझा जोडीदार कोण?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपली खूण आपल्याला शिकता येते, शिकायलाच हवी. तरीही कधी तरी ती हुकेल, आणि त्या क्षणी आपण हसत मान डोलावत असू. तेव्हा आपल्या चेहऱ्यावर मास्क चढवणारा हात दुसऱ्याचा असेल. चेंबरमधून बाहेर पडताना प्रत्येकानं आपला तो कागद तर बघितलेला असतोच, आणि जोडीदाराचाही बघितलेला असतो.